रानातील जलबुरश्या आणि बागेतील मर

पावसाळा सरला की विदर्भातील संत्र्याच्या बागांतून एक दृश्य हमखास दिसते. ओळीतील चार झाडे हिरवीगार असतात आणि पाचवे मात्र निस्तेज. त्याची पाने पिवळी, शिरा त्याहून पिवळ्या. फळे पुष्कळ, पण लहान. बुंध्याशी वाकून पाहिले तर सालीवरून डिंकाचे ओघळ आलेले असतात. साल चाकूने खरवडली तर आतील भाग पांढरट न निघता तपकिरी निघतो. बागाईतदार म्हणतो, खत कमी पडले. शेजारी म्हणतो, पाणी कमी पडले. मग त्या झाडास अधिक पाणी दिले जाते आणि ते अधिक लवकर मरते. आठ-दहा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेले झाड तोडून त्याची सरपणाची मोळी बांधण्याची पाळी येते. पुढील पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे कलम लावले जाते, आणि तेही फार काळ टिकत नाही.

हा रोग डिंक्या होय. त्याचे कारण फायटोप्थोरा नावाची जलबुरशी. त्यावर औषध कोणते, हा प्रश्न ग्रामसेवकास प्रथम विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे. ही जलबुरशी बागेत शिरण्यापूर्वी कोठे राहत होती, तेथे ती काय करीत होती, आणि तेथून ती निघाली कशी? ह्याचे उत्तर बागेत मिळत नाही. त्यासाठी रानात, ओढ्याकाठी आणि दूरदेशीच्या अरण्यांत जावे लागते. गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांना तेथे जे आढळले, ते समजले म्हणजे मातीची एक पाटी इकडून तिकडे नेताना शेतकरी दोनदा विचार करील.

जलबुरशी म्हणजे काय

नावात बुरशी असली तरी ही खरी बुरशी नव्हे. शिळ्या भाकरीवर येणारी किंवा कुजक्या ओंडक्यावर छत्री होऊन उगवणारी बुरशी वेगळ्या कुळातील, आणि ही वेगळ्या कुळातील. खऱ्या बुरशीच्या पेशींची भिंत कायटिन नावाच्या द्रव्याची असते. किड्यांच्या कवचातही तेच द्रव्य असते. जलबुरशीच्या पेशीभित्तिकेत मात्र सेल्युलोज, म्हणजे कापसाच्या तंतूतील द्रव्य, आणि त्याच्याच जातीचे इतर पदार्थ असतात. तिचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातील तपकिरी शेवाळ. दिसावयास ती पांढऱ्या धाग्यांची, म्हणून शास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ तिला बुरशींतच गणले.

हा भेद केवळ पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. आल्याचे कंद कुजू लागले की गावोगावी कार्बेन्डाझिमची आळवणी केली जाते. हे औषध अनेक खऱ्या बुरशींवर गुणकारी आहे. परंतु कूज पिथियम ह्या जलबुरशीमुळे झालेली असेल तर तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. हेक्साकोनॅझोलच्या वर्गातील औषधांचीही हीच गोष्ट. ती खऱ्या बुरशीच्या शरीरातील ज्या घटकावर घाव घालतात, तो घटक जलबुरशी स्वतः बनवीतच नाही. शेतकऱ्याचे पैसे जातात, आणि औषध भेसळीचे निघाले असा दुकानदाराला बोल लागतो तो वेगळाच. ताम्रयुक्त औषधे, मेटॅलॅक्झिल, फोसेटिल ॲल्युमिनियम ही जलबुरशीवर चालणारी औषधे होत.

जलबुरशीचे खरे सामर्थ्य तिच्या पोहणाऱ्या बीजाणूंत आहे. मुळावर किंवा पानावर तिच्या बारीक थैल्या तयार होतात. त्यांना पाणी लागले, विशेषतः गार पाणी लागले, की त्या फुटतात आणि प्रत्येक थैलीतून अनेक बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकास दोन शेपट्या असतात. ते इतके सूक्ष्म असतात की एका मिलिमीटरमध्ये शंभराच्या आसपास बीजाणू ओळीने मावतील. जिवंत मुळातून साखर व इतर द्रव्ये सतत पाझरत असतात. त्यांचा माग काढीत हे बीजाणू मुळाकडे पोहत जातात, तेथे शेपट्या टाकतात, मुळाला चिकटतात आणि कोंब फोडून आत घुसतात. स्वतःच्या बळावर ते फार तर काही सेंटिमीटर जातील. परंतु पाटाचे पाणी, ओढा किंवा शेतातून वाहणारे पावसाचे लोट त्यांना वाटेल तितके दूर नेतात. जमीन वाळली की हे नाजूक बीजाणू मरतात. मात्र त्यापूर्वीच अनेक जाती जाड कवचाचे दुसरे बीजाणू तयार करून ठेवतात, आणि ते मातीत व कुजलेल्या मुळांत वर्षानुवर्षे जगतात. ज्या खड्ड्यात एक संत्रा मेला त्याच खड्ड्यात दुसराही का मरतो, ह्याचे कारण बहुधा हेच असते.

रानातील वस्ती

'फायटोप्थोरा' हे नाव जर्मन शास्त्रज्ञ ॲन्टन डी बारी ह्याने १८७६ मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारी. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक ज्या करप्याने बुडाले आणि सुमारे दहा लक्ष माणसे भूक व साथीने दगावली, तो ह्याच गणातील एका जातीचा प्रताप. तेव्हापासून ह्या बुरशीचा अभ्यास शेतातच झाला. भारतात पुसा येथील संस्थेत एडविन बटलर ह्यांनी १९०७ मध्ये पिथियम गणावर मोठा ग्रंथवजा निबंध प्रसिद्ध केला. तेथेच जहांगीर दस्तूर ह्यांनी १९१३ मध्ये एरंडीवर आढळलेल्या फायटोप्थोराच्या एका जातीचे वर्णन केले. दस्तूर पुढे नागपुरास मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ झाले व त्यांनी पानवेलीच्या रोगांचा अभ्यास केला. एरंडीवरील ती जात आणि १८९६ मध्ये जावा बेटात तंबाखूवर वर्णिलेली जात एकच, असे आता मानले जाते. संत्र्याच्या डिंक्यामागे जी निरनिराळ्या जातींची मंडळी आहे, तीत हीच जात प्रमुख आहे. तंबाखू, एरंडी, पानवेल, संत्रा, टोमॅटो, वांगे अशा निरनिराळ्या पिकांवर ती एकाच पोटाने जेवते. म्हणून संत्र्याच्या कोवळ्या बागेत वांगी व टोमॅटो ही आंतरपिके घेऊ नयेत, हे ओघात सांगून ठेवणे बरे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फायटोप्थोराच्या सुमारे साठ जाती माहीत होत्या. आज ही संख्या दोनशेच्या वर गेली आहे. ह्या नव्या जातींपैकी फार मोठा वाटा शेतातून मिळालेला नाही. तो अरण्यांतून, ओढ्यांतून आणि रोपवाटिकांतून मिळाला आहे. व्हिएतनाममध्ये २०१६ व २०१७ साली शास्त्रज्ञांनी २५ वनक्षेत्रे व १६ नद्या तपासल्या. सर्वच्या सर्व नद्यांत फायटोप्थोरा सापडला. माहितीतल्या १३ जाती मिळाल्या, आणि पूर्वी कोणासही ठाऊक नसलेल्या २१ मिळाल्या. ही वने मरत चाललेली होती काय? मुळीच नव्हे. ती बहुतांशी हिरवी, दाट आणि नांदती होती.

ह्या सर्व जातींचा धंदा एकच असतो असे नाही. काही जाती ओढ्याच्याच रहिवासी. पाण्यात पडलेले पान त्या प्रथम गाठतात व कुजवितात. मग त्या मऊ पानावर पाणकिड्यांचे पोट चालते. उष्ण प्रदेशांतील खाड्यांच्या कांदळवनांत तर जलबुरशींचा एक स्वतंत्र गट खाऱ्या पाण्याला सरावलेला आहे. गळालेल्या पानावर तो भरतीच्या पाण्याबरोबर येऊन इतरांच्या आधी बसतो. अशा जातींनी जिवंत झाडाला अपाय केला तरी तो थोडाच. दुसऱ्या काही जाती जमिनीत राहून झाडांची बारीक अन्नशोषक मुळे खातात. झाड नवी मुळे फोडते, त्या पुन्हा खातात, आणि ही देवघेव झाडाच्या आयुष्यभर चालते. काही केवळ पानावर व फळावर वाढतात. सुपारीचा कोळेरोग अशांपैकी होय. लेस्ली कोलमन ह्यांनी म्हैसूर संस्थानात १९१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कोकणातील बागाईतदारांना तो आजही पावसाच्या संततधारेत भेटतो. द्राक्षावरील केवड्याची जलबुरशी आणखी वेगळी. ती जिवंत हिरव्या पानावाचून वाढूच शकत नाही, आणि द्राक्षाच्या कुळाबाहेर ढुंकून पाहत नाही.

मायझाड आणि रोपे

जलबुरशी रानात काय काम करते ह्याचा एक फार सुंदर पुरावा अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिळाला. तेथे काळ्या चेरीचे झाड रानात आपोआप वाढते. पॅकर व क्ले ह्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले की, मायझाडाखाली पडलेले बी उगवते खरे, परंतु तेथील रोपे फार मोठ्या प्रमाणात कोलमडून मरतात. मायझाडापासून दूर उगवलेली रोपे मात्र जगतात. मायझाडाखालची माती तापवून निर्जंतुक केली तर तिच्यातही रोपे चांगली तगतात. मारणारी होती पिथियम ही जलबुरशी. वर्षानुवर्षे एकाच झाडाच्या मुळांवर पोसून ती त्या जागी त्याच जातीसाठी साठलेली होती.

ह्याचा अर्थ असा की, पिथियम चेरीला सगळे रान बळकावू देत नाही. चेरीखाली चेरी वाढत नाही म्हणून तेथे दुसऱ्या झाडास जागा मिळते, आणि रान मिश्र राहते. पुढे हेच चेरीचे झाड युरोपात नेऊन लावले गेले. तेथील मातीत त्याला असा अटकाव करणारी जलबुरशी तितकी प्रभावी आढळली नाही, आणि मायझाडाखालीच रोपांची दाटी होऊन ते झाड तेथील रानांत तणासारखे पसरले.

शेतकऱ्याने ह्यावरून आपल्या शेताकडे पाहावे. एकाच जमिनीत आल्यावर आले घेणे किंवा संत्र्याच्या जागी संत्राच लावणे म्हणजे मायझाडाखाली रोप लावण्यासारखेच होय. रान ती चूक दुरुस्त करते, कारण त्याला कोणते झाड जगावे ह्याची फिकीर नाही. शेतकऱ्याला मात्र नेमके तेच पीक हवे असते.

घर सुटल्यावर

आपल्या मूळ रानात जलबुरशी बेतानेच वागते, कारण तेथील झाडे तिच्या संगतीतच वाढलेली असतात. जी तिच्यापुढे टिकली नाहीत ती पूर्वीच नाहीशी झाली. शिवाय रानाच्या मातीत तिच्यावर जगणारे व तिच्याशी भांडणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. परंतु तीच जलबुरशी मातीच्या ढेकळातून किंवा रोपाच्या मुळ्यांतून अशा ठिकाणी पोचली की जेथील झाडांनी तिचे तोंड कधी पाहिले नाही, तर मग तिला आवरणारे कोणी राहत नाही.

द्राक्षाच्या केवड्याचा इतिहास सर्वांत बोलका आहे. ही जलबुरशी मूळची उत्तर अमेरिकेतील. तेथील रानद्राक्षांवर ती थोडेफार डाग पाडून राहत असे. फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या मुळांवर एक कीड पडली, तिला दाद न देणारे खुंट म्हणून अमेरिकन वेली आणल्या गेल्या, आणि १८७८ मध्ये केवडा फ्रान्समध्ये दिसला. थोड्याच वर्षांत मळेच्या मळे निष्पर्ण झाले. बोर्डो गावच्या परिसरात चोरट्यांना भीती वाटावी म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची रीत होती. त्या वेली मात्र हिरव्या राहिल्याचे प्राध्यापक मिलार्डे ह्यांच्या नजरेस आले. त्यांनी १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे मांडले. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागाईतदार आज जे बोर्डो मिश्रण फवारतो, त्याचा जन्म असा एका रानटी जलबुरशीच्या स्थलांतरातून झाला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात व लगतच्या कॅलिफोर्नियात, पोर्ट ऑरफर्ड सीडर नावाचा देखणा सूचिपर्णी वृक्ष आहे. एक फायटोप्थोरा प्रथम रोपवाटिकांत आणि बागांत दिसला, आणि १९५२ साली ह्या वृक्षाच्या मूळ रानात. झाडे मरू लागली ती रस्त्याच्या चरांलगत व ओढ्यांच्या काठांनी. चिखल लागलेल्या गाड्यांच्या चाकांतून आणि वाहत्या पाण्यातून रोग फिरत होता. म्हणून तेथील वनखात्याने पावसाळ्यात काही रस्ते बंद ठेवण्याची व गाड्या धुण्याची पद्धत सुरू केली. ही जलबुरशी आली कोठून ते अनेक दशके कळले नव्हते. अखेर तैवानच्या प्राचीन वनांत, त्याच वृक्षाच्या चुलतभावंडांच्या सहवासात ती सापडली, आणि तेथे ती फारसा अपाय करीत नव्हती. हा शोध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु सर्वांत मोठी किंमत पश्चिम ऑस्ट्रेलियाने मोजली. पर्थ शहराच्या दक्षिणेस व पूर्वेस जॅरा नावाच्या निलगिरीच्या जातीचे विस्तीर्ण वन आहे. त्याचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरांसाठी नावाजलेले. जमीन तांबडी, खडेदार, कोकणातील जांभ्याच्या जातीची. १९२१ साली कॅरागुलेन येथे ह्या झाडांचे शेंडे वाळून ती मरत असल्याचे प्रथम लक्षात आले. कोणी म्हणाले जमिनीचा कस गेला, कोणी म्हणाले अवर्षण, कोणी म्हणाले पाणी साचले. आपल्या संत्र्याच्या मालकाचे तर्क आणि ह्यांचे तर्क फारसे वेगळे नव्हते. तर्क चालू होते तेव्हा रस्तेही चालू होते. एका ठिकाणची मुरमाड माती खणून दुसऱ्या ठिकाणच्या वनरस्त्यावर घालावयाची, हा रिवाज होता, आणि त्या मातीबरोबर रोग रानाच्या काळजापर्यंत पोचला. खरे कारण फ्रँक पॉजर ह्यांनी १९६४ च्या सुमारास सिद्ध केले. ते होते फायटोप्थोरा सिनॅमोमी. सुमात्रा बेटातील दालचिनीच्या झाडावर १९२२ मध्ये जिचे वर्णन झाले तीच ही जात, आणि तिचे मूळ घर आग्नेय आशियाकडचे.

चाळीसहून अधिक वर्षे कारण कळले नाही, आणि तोवर परत फिरण्याची वेळ निघून गेली होती. त्या भागातील सुमारे ५,७०० वनस्पतींपैकी जवळजवळ ४० टक्के ह्या जलबुरशीला बळी पडू शकतात, असा हिशेब पुढे मांडला गेला. केवळ जॅराच नव्हे, तर त्याच्या सावलीतील बँक्सियाची झुडपे आणि शेकडो वर्षे जगणारी गवत्या झाडेही उलथून पडली. बँक्सियाच्या फुलांतील मध व पराग ह्यांवरच जगणारा उंदराएवढा एक प्राणी तेथे आहे. फुले गेली की त्याला खावयास दुसरे काही नाही. १९७६ पासून तेथील मोठ्या वनभागांत मोकळ्या वावरास बंदी घालण्यात आली. गाड्या धुऊनच आत सोडावयाच्या, काम शक्यतो कोरड्या दिवसांत करावयाचे, पायवाटेने जाणाऱ्यानेही आपले बूट घासून पुसावयाचे, असे नियम आले. झाडाच्या खोडात पोटॅशियम फॉस्फाईट टोचले तर ते काही वर्षे तग धरते. पण मातीतून जलबुरशी जात नाही. एकदा शिरलेल्या जलबुरशीला एवढ्या मोठ्या रानातून हुसकून लावण्याचा उपाय आजवर कोणास साधलेला नाही.

निरोगी दिसणारे रोप

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. जलबुरशी रानातून वा दुसऱ्या मुलखातून बागेत येते ती बहुतेक वेळा रोपवाटिकेच्या वाटेने. युरोपातील २३ देशांतील ७३२ रोपवाटिकांच्या पाहणीचा एकत्रित अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६७०, म्हणजे शंभरांत ९१ हून अधिक रोपवाटिकांत फायटोप्थोरा सापडला. वन व उद्यानांसाठी लागवड केलेल्या २,५२५ जागा तपासल्या, त्यांतील १,६६७ जागी तो होता. ह्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही. रोपवाटिकेतील बहुतेक रोगट रोपे दिसावयास अगदी निरोगी होती. वेळेवर पाणी व खत मिळते, औषधांनी रोग दबून राहतो, आणि रोप टवटवीत दिसते. शेतात गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे खरे रूप उघडे पडते.

म्हणून कलमे विकत घेताना पाने पाहून भुलू नये. एक-दोन पिशव्या फोडून मुळे पाहण्याचा आग्रह धरावा. मुळे पांढरट व टणक असावीत. तपकिरी मुळाला चिमटीत धरून ओढले असता वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोरा उरला, तर ती रोपे घेऊ नयेत. रोपवाटिकेचा मालक पिशवी फोडू देण्यास कां कूं करीत असेल तर तेवढ्यावरूनही बरेच समजते. पिशव्या थेट जमिनीवर, चिखलात ठेवल्या आहेत की खडीच्या थरावर वा मांडवावर, हे पाहावे. पाणी विहिरीचे आहे की बागांमधून वाहत येणाऱ्या नाल्याचे, हे विचारावे. डोळा जमिनीपासून निदान एक वीत वर भरलेला असावा. कारण खुंट रोगास थोडाफार दाद देत नाही, पण वरची संत्र्याची साल देते. लावताना तो डोळा मातीखाली गाडला गेला तर उत्तम खुंटाचाही उपयोग नाही.

ज्या शेतकऱ्यांची स्वतःची रोपवाटिका आहे, त्यांनी जुन्या बागेतील माती पिशव्यांत भरू नये. एप्रिल-मेच्या कडक उन्हात माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाखाली चार ते सहा आठवडे तापवावी. हा उपाय स्वस्त आहे. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात तो चांगला साधतो, आणि तरीही फार थोडे लोक तो करतात.

बागेत मुख्य काम पाण्याचे आहे. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत संत्रा लावूच नये. लावलाच असेल तर ओळींच्या मध्ये चर काढून पावसाचे पाणी बाहेर घालवावे. मोकाट पाणी देऊन एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात पाणी खेळविणे म्हणजे पोहणाऱ्या बीजाणूंना वाट काढून देणे होय. दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी खोडाला न लागता बाहेरच्या कड्यातच राहील. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडास दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो व पाणी दहा लिटर हे प्रमाण घ्यावे. डिंक आलेली साल धारदार चाकूने जिवंत भागापर्यंत काढावी, काढलेली साल जाळावी, मग मलम लावावे. मुळांशी औषध ओतावयाचे असल्यास मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल वेष्टनावरील प्रमाणानेच वापरावे. तेच ते औषध दरवर्षी वापरल्यास जलबुरशी मेटॅलॅक्झिलला दाद देईनाशी होते, हा अनेक देशांतील अनुभव आहे. रोगट झाडाखाली वापरलेली कुदळ व फावडे धुऊन वाळविल्यावाचून दुसऱ्या झाडाशी नेऊ नये. नांगर व ट्रॅक्टरची चाके ह्यांनाही तोच नियम लागू आहे, जरी तो पाळणे कष्टाचे आहे.

आणखी एक गोष्ट ग्रामसेवकांच्या हातची आहे. वृक्षलागवडीच्या मोहिमेत पिशव्यांतील रोपे गावच्या देवराईत किंवा डोंगरावरील जुन्या रानात नेऊन लावण्याचा उत्साह असतो. जेथे रान मुळातच शाबूत आहे तेथे बागायती मुलखातील रोपवाटिकेची माती नेणे इष्ट नव्हे. तेथील झाडांचेच बी गोळा करून तेथेच टोकावे. उघडा माळ व रस्त्याची कड ह्यांसाठी पिशवीतील रोपे खुशाल वापरावीत.

मातीची परीक्षा

ज्या रीतीने शास्त्रज्ञ ओढ्यांतून व रानांतून जलबुरश्या पकडतात, ती रीत फार साधी आहे. जाळीच्या पिशवीत ताजी पाने घालून ती ओढ्यात काही दिवस तरंगत ठेवतात; पोहणारे बीजाणू आपण होऊन पानाकडे येतात. त्याच युक्तीने गावातही माती पाहता येते.

पाऊस पडून गेल्यावर, माती ओलसर असताना, झाडाच्या घेराच्या आतील बाजूस चार ठिकाणी वरची माती बाजूस सारून वीतभर खोलीवरील माती बारीक मुळांसह घ्यावी. ती उन्हात वाळू देऊ नये. वाळली तर परीक्षा फसते. पसरट भांड्यात ही माती एक भाग व पाणी तीन ते चार भाग घालावे. पाणी विहिरीचे, उकळून गार केलेले असावे. औषध टाकलेले नळाचे पाणी बीजाणूंना मारते. माती खाली बसली की वरचा फेस व कचरा काढावा. औषध न फवारलेल्या लिंबाची किंवा संत्र्याची ताजी, कोवळी पण पूर्ण वाढलेली पाने स्वच्छ धुऊन त्यांचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे पाण्यावर तरंगत सोडावेत. शेजारी दुसरे भांडे ठेवावे. त्यात माती न घालता तेच पाणी व तशीच पाने असावीत. दोन्ही भांडी सावलीत ठेवून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रोज पाहावीत. मातीच्या भांड्यातील पानांच्या कडा पाणी शोषल्यासारख्या होऊन तपकिरी पडल्या, आणि दुसऱ्या भांड्यातील हिरव्या राहिल्या, तर मातीत जलबुरशी असण्याचा दाट संशय घ्यावा. ती फायटोप्थोरा आहे की पिथियम, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी ते तुकडे ओल्या कागदात गुंडाळून, थोड्या मातीसह, कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे त्याच दिवशी रवाना करावेत. सोबत झाडाचे वय, खुंट, पाणी देण्याची पद्धत आणि कलमे कोणत्या साली आणली हे लिहावे.

परीक्षा झाली की भांड्यातील चिखल तसाच बांधावर फेकू नये. त्यावर भरपूर उकळते पाणी ओतावे, गार होऊ द्यावे, आणि मग तो बागेपासून व ओढ्याच्या उतारापासून दूर खड्ड्यात पुरावा.